उपासाचा रकाना

हा घोळ तुम्हीच केलात, वर बसणाऱ्यांनो. एका तरी म्हातारीला कधी घास भरवलाय का? आणि जेवणाचा तक्ता बनवायला निघालात! मोबाइलवरच्या त्या तक्त्यात रकाने दोनच : 'जेवण घेतले' आणि 'जेवण नाकारले'. मग श्रावणातला सोमवार काय कपाळावर लिहायचा?

परभणीत जिंतूर रोडवर म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह आहे. पंकजा तिथली उपमेट्रन. मेट्रनबाई रजेवर, म्हणजे खापर फुटायला हिचंच डोकं. त्या सोमवारी सव्वीसपैकी एकोणीस जणांना उपास. उरलेले सात साखरेचे रुग्ण. त्यांना तिनं दटावून जेवायला बसवलं होतं. एकोणीस जणांनी पोटभर भगर खाल्ली, पण तुमच्या तक्त्यात भगर हे जेवणच नाही. पंकजाला खोटं लिहायची सवय नव्हती. तिनं एकोणीस वेळा 'नाकारले' दाबलं.

दहाव्या मिनिटाला वरून साहेबांचा फोन.

"सिस्टर, एकोणीस जणांनी अन्नत्याग केलाय? कोणाच्या नादानं?"

"महादेवाच्या, साहेब."

"आडनाव काय त्याचं?"

अर्ध्या तासात दारात दोन ॲम्ब्युलन्स, त्यांच्या मागं पोलिसांची जीप. आणि मोबाइलवर हुकूम : चारपर्यंत सगळे जेवल्याचे फोटो पाठवा. जो खाणार नाही त्याला नाकातून नळी घाला. जमत नसेल तर चार्ज सोडा.

उपासवाल्यांतल्या झरीच्या छबूबाईनं पदर खोचला. "बाळंतपनातबी म्या सोमवार मोडला न्हाई. कोन नळी घालायलाय? पुढं ये म्हनावं!"

निवृत्त मास्तर विष्णुपंत काठी आपटत म्हणाले, "आता मी संध्याकाळीही उपास सोडणार नाही. अन्नत्याग म्हणता ना? घ्या अन्नत्याग!"

एकोणीस जण व्हरांड्यात मांडी घालून बसले. साखरेचे सातही सरकत आले, "आमी काय पाप केलंय?" सकाळी नसलेलं आंदोलन दुपारी खरंच उभं राहिलं.

चारला साहेब स्वतः हजर. घामाघूम.

"नळ्या का नाही घातल्या?"

पंकजानं कपाटाच्या किल्ल्या टेबलावर आदळल्या. "घालनार न्हाई. धडधाकट मानसाच्या नाकात नळी? दहा वर्षं नोकरी केली मी, कसाईपना न्हाई केला. हा घ्या चार्ज."

"तुम्हाला घरीच बसवतो!" साहेब ओरडले आणि खुर्चीत कोसळले. सकाळपासून पोटात काही नसावं. शेवटी पंकजा नर्सच. तिनं पाणी दिलं आणि रागातच विचारलं, "जेवता का? वरन-भात हाय."

"छे छे! आज सोमवार ना. मला चालत नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "भगर-बिगर आहे का?"

छबूबाईनं स्वतः वाढली. वर शेंगदाण्याची आमटी. साहेबांनी दोनदा मागून घेतली. व्हरांड्यातले बाकीचे पंचवीस जण टक लावून बघत होते.

ताट चाटूनपुसून झाल्यावर पंकजानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"साहेब, फोटो काढलाय. आता तुमीच सांगा, तुमी जेवलात का नाकारलंत? कोनता रकाना दाबू? आन् नळी कुनाच्या नाकात घालू? बोला की!"