भरपूर पाण्याने धुवा

ऑपरेशन नाही, सुई नाही, पंचेचाळीस मिनिटांत मांड्या गुळगुळीत! असं मी मुक्ताबाईंना छातीठोकपणे सांगितलं. उमापुरात ब्युटी पार्लर एकच, माझं. आणि मुक्ताबाई म्हणजे दूध संस्थेच्या चेअरमनची बायको!

पाणी नियोजनाच्या अभ्यास दौऱ्यासाठी संचालक मंडळ बायकांसह गोव्याला निघालं होतं. जीप बारा वाजता.

"छबू, सुनेनं माझ्यासाठी आखूड चड्डी आणलीय. अन् मांड्या बघ! जुन्या गादीवानी गोळे गोळे!"

"त्याला सेल्युलाइट म्हणतात, बाई."

"नाव नको सांगू. घालव!"

पाकिटावरची पायरी एक : समुद्री चिखलाचा जाड लेप लावा.

लावला. कमरेपासून घोट्यापर्यंत!

पायरी दोन : प्लास्टिकने घट्ट गुंडाळा.

संस्थेत चारा मुरवायचं, मुरघासाचं प्लास्टिक पडून होतं. चाराच नाही, तर मुरघास कशाचा घालणार! त्यात मुक्ताबाई गुंडाळल्या.

पायरी तीन : आराम करा.

घोरू लागल्या.

पायरी चार

पायरी चार मी आधी वाचायला हवी होती.

भरपूर पाण्याने धुवा.

पार्लरात पाणी तांब्याभर, तेही प्यायचं. माझी भिस्त नऊच्या टँकरवर. साडेदहा वाजले. प्लास्टिक नऊलाच काढलेलं, लेप वाळून वीट!

"छबे, आग व्हायलीय! काढ की बये!"

खरवडला, तर किंचाळल्या. मी टँकरवाल्या रामहरीला फोन लावला, स्पीकरवर.

"टँकर कुठाय रे?"

"चेअरमनसायबांच्या मोसंबीत."

मुक्ताबाईंनी फोन हिसकावला. "आत्ताच्या आत्ता फिरव गाडी!"

"कुणाचंच ऐकू नको म्हणलेत सायेब."

"आरं, मी बायको हाय त्यांची!"

"तुमचं तर मुळीच न्हाई म्हणले, बाईसायेब."

मुक्ताबाई उठल्या. अंगावर परकर, वर शाल. पायांवरचा चिखल तडकतोय, आणि बाई चौकात! तिथं टँकरसाठी साठ हंड्यांची रांग.

शेळ्या राखणारी भामाबाई म्हणाली, "कावून आलात, चेअरमनीणबाई?"

"पाणी पायजे."

"हंडा कुठाय? हितं माणसाला नंबर न्हाई. हंड्याला हाय."

माझा हंडा पहाटेपासून तिसरा होता. तो मी त्यांच्या पुढ्यात सरकवला. काय करणार! लेप मीच लावला होता.

बारा वाजता जीप आली. चेअरमननी बायकोकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि काच वर केली.

जीप गेली.

एक वाजता टँकर आला. तळाला जेमतेम पाणी. बारा हंडे भरले आणि संपला. मागे अठ्ठेचाळीस रिकामे.

मुक्ताबाईंनी तिसरा हंडा उचलला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, परकरासकट अंगावर ओतला. अख्खा!

पायांखाली गढूळ थारोळं साचलं. भामाबाईच्या शेळ्या धावत आल्या आणि चाटू लागल्या. भामाबाईनं त्यांना हाकललं नाही. मांड्या कशा झाल्या, हे बघायचं कुणाला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांच्या आधी हंडा लावला. चूल पेटवून परत येते, तर माझा हंडा साठावा!

कुणी हलवला, हे विचारायला मी तोंड उघडलं. भामाबाईनं कालपासून रिकाम्या हंड्यांकडे नुसतं बोट केलं.

मी मुकाट्यानं मागे जाऊन उभी राहिले.