टेलचं आतडं

दिगंबरराव शेवाळकरांच्या पोटातल्या तीन मोठ्या धमन्यांनी यंदा रक्त आवर्तनाने, कालव्याच्या पाण्यासारखं पाळीपाळीने, सोडायला सुरुवात केली. दिगंबरराव कालव्यावरचे निवृत्त अभियंता. त्यांच्या धमन्यांना दुसरी पद्धत ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

वरची धमनी जठर, यकृत आणि प्लीहेची. मधली लहान आतड्याची. खालची, तिघींत बारीक, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्याची. वरच्यांनी पोटभर घ्यायचं आणि उरलं तर खाली सोडायचं, ही साहेबांची जन्माची रीत. कालव्याच्या मुखाशी बड्यांचा ऊस डुलायचा आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या, गावांत साहेब "पुढच्या आवर्तनात बघू" एवढं सांगून, चहा पिऊन परतायचे. वर स्वतःला निःपक्षपाती म्हणवून घ्यायचे.

आता जेवण झालं की त्यांच्या पोटात डावीकडे कळ येऊ लागली. डॉक्टर ओगलेबाईंनी तपासून सांगितलं, की शेवटचं आतडं धरणं धरून बसलं आहे. रक्त सगळ्यांना पुरेल इतकं आहे. आतड्याच्या कडेने मधल्या धमनीकडून खाली जाणारी एक वाटही आहे. पण धमन्या डॉक्टरांना जुमानत नाहीत, साहेबांचा हुकूम लागतो. तो आजच दिला नाही तर आतडं मरेल, आणि कदाचित साहेबही.

दिगंबरराव विचारात पडले. रविवारी त्यांचा सत्कार होता, पंगतीला श्रीखंड-पुरी होती. अशा वेळी जठराला दुखवायचं कसं? वरच्यांशी वाकडं घेऊन त्यांचं कधी भागलं नव्हतं. त्यांनी पोटावर हात ठेवला.

"टेलनं समजून घ्यावं. पुढच्या आवर्तनात बघू."

त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई टेलच्या गावच्या. माहेरची मोसंबीची बाग उभी जळालेली त्यांनी पाहिली होती.

"माझ्या वडिलांनाही तुम्ही हेच सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या, आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.

मेलेलं आतडं कापून काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर साहेब चक्क खूश झाले. टेलच उरलं नाही, आता तक्रार कोण करणार? सत्कार पुढे ढकलला होता, तोही थाटात झाला. मानपत्रात त्यांना समन्यायी वाटपाचे शिल्पकार म्हटलं होतं. साहेबांनी ते खरं मानलं आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

घरी येताच कळ आली, पहिल्यापेक्षा जरा वर. ओगलेबाईंनी पोट चाचपलं.

"आता याच्या आधीचा तुकडा टेल झालाय. तोही बसलाय धरण्याला. काय सांगू त्याला?"

दिगंबररावांनी ढेकर दिला आणि काय सांगायचं ते सांगितलं. इंदुमतीबाईंनी पिशवी रिकामी केलीच नव्हती.