बापाच्या वजनाची कुऱ्हाड

ठक्. आणि मग दोनदा, जरा मऊ, धप्... धप्.

साठ वर्षांपूर्वी हा आवाज मी रोज पहाटे ऐकत असे. कांबळीच्या आत, तोंडावरून पांघरूण घेऊन. ठक् म्हणजे कुऱ्हाड लाकडावर पडली. दोन धप् म्हणजे त्याचे दोन तुकडे अंगणात दोन बाजूंना पडले. एका लाकडाला एकच ठक्. दुसरा कधी ऐकला नाही. पडल्या पडल्या मी मनात म्हणायचो, काय ताकद आहे माझ्या बापाच्या हातात. मग परत झोपायचो.

पुढे आयुष्यभर मी असंच केलं. लाकूड दुसऱ्याने फोडलं, मी ऐकलं.

नोकरीही तशीच मिळाली. वडशाकडे एका लाकडाच्या डेपोत मी एकतीस वर्षं चौकीदार होतो. सागवान, ऐन, बीजा, धावडा, सगळी लाकडं मी ओळखतो (सगळ्यांवर बसून डबा खाल्ला आहे). त्यामुळे गावात समज झाला की दादाजीला लाकडातलं सगळं कळतं. मी तो मोडला नाही. घरी लाकडं माझी बायको मनकर्णा फोडायची. मी ड्युटीवरून येईपर्यंत ढीग लागलेला असे, आणि फोडलेल्या लाकडावर कोणी फोडलं ते लिहिलेलं नसतं.

यंदा दिवाळीनंतर मनकर्णाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही, नाहीतर डोळा जाईल. मी मान डोलावली. मनकर्णाने डोलावली नाही.

घरी गॅस आहे. मुलगा धनराज गडचांदूरला कामाला असतो, त्याने घेऊन दिला. पण मनकर्णाच्या मते गॅस चहासाठी असतो. थंडीत आंघोळीचं पाणी चुलीवरच तापायला पाहिजे. आणि अंगणात ऐनाचे दहा-बारा ओंडके तसेच पडलेले. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर काळा चष्मा लावून ती ओंडक्यांसमोर उभी.

"काय पाहून राह्यली?"

"दोनच फोडीन. हळू हळू."

"डोळा जाईन तुहा."

"मंग काय तुमी फोडान?"

तिने हे विचारलं नव्हतं. नुसतं म्हटलं होतं, जसं आपण म्हणतो की उद्या वाघ ग्रामपंचायतीत येऊन रहिवासी दाखला मागेल.

"मीच फोडीन," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने. "बुधवारपर्यंत पायीन," ती म्हणाली. "नाई त माही मी फोडीन."

बुधवारला पाच दिवस होते. डोळा एकच होता (म्हणजे दुसराही आहे, पण त्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी).

धानाच्या कोठीखाली तिची कुऱ्हाड होती. मी ती काढून बघितली. लहानशी, हलकी, दांडा हाताने काळा पडलेला. हे बायकांचं काम, मला वाटलं. माझ्या बापाने असल्या खेळण्याला हात लावला नसता. मी ती पिशवीत घातली आणि गावाच्या टोकाला सुकलू लोहाराकडे नवी घ्यायला गेलो.

"तोडाची पायजे का फोडाची?" सुकलूने भाता न थांबवता विचारलं.

"दोन्हीत काय फरक रायते?"

आता भाता थांबला. "तोडाची पातळ रायते. फोडाचीचे गाल फुगलेले रायते. पातळ लाकडात घुसून बसते, जाड लाकडाले बाजूले सारते. दादाजीभाऊ, तुमी तीस वर्सं डेपोत होते ना?"

"एकतीस."

"मंग?"

"मी गेटवर होतो."

सुकलू समजूतदार माणूस आहे. त्याने भाता परत सुरू केला. मी सांगितलं, माझा बाप एका घावात लाकूड फोडायचा, तशी वजनदार दे. त्याने कोपऱ्यातून एक पातं काढलं. ते मी एका हाताने घेतलं आणि लगेच दुसरा हातही लावला.

"ही जुनी ठेवून घे बदल्यात," मी म्हणालो.

त्याने जुनीवर अंगठा फिरवला. "ही काऊन देता? ही त चांगली हाये."

"बायकोची हाये. हलकी हाये."

"बरं," सुकलू म्हणाला. "नवीले धामणीच्या लाकडाचा दांडा टाका, लवते तो. आन धार जास्त लावू नका. फोडाचीले धार नाई, वजन लागते."

दोन्ही गोष्टी मी ऐकल्या आणि दोन्ही केल्या नाहीत. एकतीस वर्षांत धामणीची चौकशी करायला डेपोवर मोटार आली नाही. मोटारी यायच्या त्या सागवानासाठी. म्हणून दांडा सागवानाचाच पाहिजे, असं मी ठरवलं. पण सागवानाचं सरळ, वाळलेलं, हाताएवढं जाड लाकूड घरात एकच होतं. दाराचा अडसर.

मी तो काढला, एक टोक तासलं आणि पात्यात ठोकून बसवला. (मनकर्णाने संध्याकाळी विचारलं, अडसर कुठी गेला. मी म्हणालो, वाळवी लागली होती, फेकला. मागच्या महिन्यात वाघ हातपंपापर्यंत येऊन गेलेला, म्हणून दारामागे धानाचं पोतं लावून झोपलो.) मग दोन दिवस धार लावली. धार आली की नाही हे डाव्या हाताच्या केसांवर बघत होतो. तो हात अजून गुळगुळीत आहे.

मनकर्णाने मध्ये एकदा विचारलं, "माही कुऱ्हाड दिसून नाई राह्यली."

"असंल कुठी."

मंगळवारी सकाळी मी ओंडका उभा केला, बापाचं नाव घेतलं आणि घाव घातला. आवाज आला, फस्स. भोपळ्यात सुरी घुसावी तसा. कुऱ्हाड चार बोटं आत गेली आणि तिथेच राहिली. ओढली तर ओंडकाही सोबत उठला. आपटली तर आणखी एक बोट आत गेली. अर्धा तास मी आणि ओंडका अंगणभर फिरत होतो. मनकर्णा पडवीत बसून बघत होती.

शेजारचा सोमाजी कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, लाकूड फोडून राह्यले का नाचवून राह्यले?"

"अडकली गा."

तो आला. त्याने ओंडक्यावर पाय दिला, दांडा धरला आणि आडवा ओढला. कडाक. सागवान लवत नाही, मोडतं. अडसराचा मोठा तुकडा हातात घेऊन सोमाजी मागच्या पावली कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेला.

"दांडा कायचा होता जी?"

मी मनकर्णाकडे न बघता म्हणालो, "चांगला होता."

पडवीतून आवाज आला, "उद्या बुधवार हाये."

मी ओंडका कुऱ्हाडीसकट सायकलच्या कॅरिअरवर बांधला, मोडका दांडा दोरीत खोचला आणि सुकलूकडे निघालो. गावात प्रत्येकाने विचारलं. एकाने विचारलं लाकूड विकाले चालले का. दुसऱ्याने विचारलं कोण मेलं. शेवटच्या वळणावर अन्नपूर्णाबाई उन्हात बसल्या होत्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. आमच्या शेजारच्या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा मी चड्डीत होतो.

"दादाजी, लाकडाले दवाखान्यात नेऊन राह्यला का रे?"

मी थकलो होतो. सायकल उभी केली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाई, माहा बाप एका घावात फोडे. मले नाई जमत."

अन्नपूर्णाबाईंनी कानामागे हात धरला. "कोण फोडे?"

"बाप. रोज पहाटे. मी ऐको ना आतून."

त्या हसायला लागल्या. दात नसल्यामुळे ते हसणं संपायला वेळ लागला. "तुहा बाप? तो त पाठीवर ऊन आल्याबिगर उठे नाई. तुह्याचसारखा आत पडून राहे. तुही माय फोडे रे. मी कुंपणातून पाहो. लहानशी कुऱ्हाड होती तिची. पयले लाकडाले पाहे, फिरवे, चीर कुठी हाये ते पाहे. मंग एकच मारे."

मी सायकलचं हँडल धरून उभा राहिलो. म्हणजे कांबळीच्या दोन टोकांना आम्ही दोघे पडलेलो असायचो, मी आणि बाप, आणि दोघेही तोच आवाज ऐकायचो.

"ते कुऱ्हाड तुह्या लग्नात तिनं मनकर्णाले देल्ली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हाये ना अजून?"

मी म्हणालो, आहे. आणि ओंडका घेऊन या वयात जेवढी जोरात चालवता येते तेवढी सायकल चालवली.

मायची कुऱ्हाड भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. सुकलूने माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि ती काढून दिली. "मी कोनाले देल्ली नाई," तो म्हणाला. "म्हटलं, भाऊ येईन." मग दोन ठोक्यांत ओंडक्यातलं पातं मोकळं केलं, त्यातला दांड्याचा तुकडा बाहेर पाडला आणि माझ्या हातात ठेवला. "हे घ्या तुमचं सागवान."

तो तुकडाही मी दोरीत खोचला. बापाच्या वजनाची कुऱ्हाड मी तिथेच ठेवली.

घरी आलो तेव्हा मनकर्णा अंगणात उभी होती. हातातली कुऱ्हाड तिला दिसली. मी म्हणालो, "हे मायची होती. तुले मालूम होतं?"

"पंचेचाळीस वर्सं झाले," ती म्हणाली.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कई विचारलं?"

मी ओंडका उभा केला. माझ्या आधीच्या घावाची फट वर होती, तिच्यावरच नेम धरून मी कुऱ्हाड उचलली. मनकर्णा दोन पावलं पुढे आली. वाकली नाही. पायाने ओंडका ढकलला. तो आडवा पडला आणि त्याचं दुसरं टोक समोर आलं. त्यावर मधोमध एक चीर होती, केसाएवढी, पण सरळ. सकाळी मी तीच जमिनीकडे करून ठेवली होती. मनकर्णा मागे सरकली.

मी ओंडका उलटा उभा केला. चीर बघितली. मारलं.

ठक्. धप्... धप्.

तोच आवाज. साठ वर्षांनी, आणि या वेळी कांबळीच्या बाहेर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कुऱ्हाड टेकवून वाट बघत उभा राहिलो. सत्तरीत पहिलं लाकूड फोडलं होतं, माणसाला वाटतं कोणी एखादा शब्द बोलावा.

मनकर्णा सायकलजवळ गेली. कॅरिअरच्या दोरीत सागवानाचे दोन तुकडे खोचलेले होते. तिने ते काढले आणि मोडलेली टोकं एकमेकांना लावली. दर दिवाळीला ती अडसराला हळदीची पाच बोटं लावते. तासूनही ती पुरती गेली नव्हती. तीन या तुकड्यावर, दोन त्या. चष्म्याच्या कडेवरून तिने नव्या डोळ्याने ती एक-एक बघितली.

ऑपरेशन उत्तम झालं होतं.

तिने दोन्ही तुकडे फोडलेल्या लाकडाशेजारी उभे ठेवले, जळणात, आणि आत गेली.