कोंडाई रंगारणीने जित्या नवऱ्याचे कुंकू पुसिले, तो वृत्तांत

आई जगदंबेचे पायी मस्तक ठेवून, जे घडले ते तैसेच लिहितो, अधिकउणे करीत नाही. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वर नाम संवत्सर, चैत्र मासी विसाजी शेटे यांचे रंगकारखान्यात कोंडाई म्हणोन रंगारीण होती, तिजला सातवा महिना असता ती उकळते हंडे उचलीत होती, आणि हंड्यापाशीच तिचे मूल गेले. मग नवरा बहिरजी, लढाईत पाय गेलेला, कुबडी टेकीत तिजला दरबारी घेऊन गेला. महाराजांनी ऐकिले, डोळे पुसिले, आणि हुकूम केला की पोटुशी बाईस जो कामावरून काढील तो फटके खाईल, धन्याने तिजला सहा मास घरी दाणागोटा पोचवावा आणि तिची जागा राखावी. दवंडी फिरली, बायकांनी कोंडाईची ओटी भरिली.

शेटे दुष्ट नव्हते, देवळास तेल देत होते. परंतु पदरी साठ बायका, त्यांत चाळीस लेकुरवाळ्या होण्याजोग्या, म्हणोन भय धरिले. आठा दिवसांनी कोंडाईस बोलाविले आणि म्हणाले, "उद्यापासोन येऊ नको."

ती बोलिली, "शेटजी, महाराजांचा हुकूम आहे."

"पोटुशीस काढू नये ऐसा हुकूम आहे. तू आज पोटुशी नाहीस."

ऐशा चाळीसही सवाष्णी गेल्या, आणि त्यांचे जागी विधवा भरिल्या, आणि इतर कारखानदारांनीही तैसेच केले. मग घरी चूल पेटेना, तेव्हा कोंडाईने नवऱ्यादेखत कुंकू पुसिले आणि मंगळसूत्र काढोन ठेविले. बहिरजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जा. मी मेलो ऐसे सांग." ती दुसऱ्या कारखान्यात विधवा म्हणोन राहिली, वर्षभर हंडे उचलिले, आणि पुन्हा दिवस राहिले. पाचव्या मासापर्यंत पोट आवळोन बांधिले, मग लपेना. मुकादमाने चारचौघींत विचारिले, "विधवेस दिवस कैसे गेले?" तो बोल सोसवेना म्हणोन ती बोलिली, "नवरा जिता आहे." तेच दिवशी तिजला काढिले.

मग ती पुन्हा दरबारी उभी राहिली. अमात्य शांतपणे बोलिले, "बाई, तुज पोटुशी म्हणोन काढिले नाही. खोटे बोललीस म्हणोन काढिले. हुकमास बाध येत नाही." महाराजांस ती ओळखू आली नाही.

ती म्हणाली, "महाराज, तो हुकूम माझ्याच लेकरावरून निघाला होता."

महाराज म्हणाले, "मग तुज आमचे उपकार वाटावयास हवे होते."

पुढे ती चुन्याच्या भट्टीवर लागली, तेथे कोणी काही पुसत नव्हते. नववा महिना भरेतो धोंड्यांच्या पाट्या वाहिल्या. मुलगी जाहली, ती वाचली. कोंडाई तिसरे दिवशी पुन्हा पाटी उचलावयास गेली, तिजला ज्वर भरला, आणि दोन दिवसांत ती मयत जाहली.

येणेप्रमाणे तीन वर्षांत त्या राज्यात कोणत्याही कारखान्यातून पोटुशी म्हणोन एकही बाई काढिली गेली नाही. महाराजांची कीर्ती शेजारील राज्यांत गेली, आणि तेथेही तोच हुकूम जाहला.