परटाची साक्ष

"एकोणतीस सप्टेंबरला, सकाळी ठीक आठ वाजता, हिमालयापलीकडून निघालेला परीट पक्षी माझ्या बागेत उतरेल!"

ही घोषणा निवृत्त पोस्टमास्तर हासाजींनी बावन्न सालच्या ऑगस्टातच अख्ख्या आळीला ऐकवली. पाच वर्षांच्या नोंदी होत्या वहीत. पनवेलचं टपाल एक वेळ चुकेल, परीट चुकणार नाही!

त्याच्यासाठी बागेचा एक तुकडा त्यांनी टकलासारखा तुळतुळीत राखला होता. आणि नेमक्या त्याच टकलावर त्यांच्या पत्नीला, हदासाबाईंना, तोंडलीचा मांडव हवा होता.

"पाखरू आलं तर मांडवाचं नाव काढणार नाही," बाई म्हणाल्या. "पण बाहेरच्या माणसानं पाहायला हवं. तुम्हाला कावळासुद्धा परदेशी दिसतो!"

साक्षीदार ठरला शेजारचा मिठागरवाला काशीराम.

अठ्ठावीसच्या दुपारी बाईंनी पेटीतून पांढरे कपडे काढले. "उद्या दारफाळणीचा सण."

हासाजी मटकन बसले! पक्ष्याच्या तारखा पाठ. आपला यहुदी सण दरवर्षी तारीख बदलतो हे साफ विसरले. म्हणजे उद्या उपास, दारं बंद आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्याशी एक शब्द नाही. घरची जुनी रीत.

"तुला ठाऊक होतं!"

"मला विचारलंत कधी?"

"दारं लाव! आभाळाला कडी नसते म्हणावं!"

सकाळी काशीराम बागेत हजर. हासाजींचा डोळा दाराच्या फटीला. आणि आठ वाजून पाच मिनिटांनी तो उतरला! चिमणीपेक्षा जरा लांब, काळापांढरा, शेपटी वरखाली. काशीरामपासून दहा पावलांवर! आणि हा गडी आ वासून आभाळात बघतोय!

बोलायची बंदी. हासाजींनी आतून दार ठोठावलं.

"मास्तर, उपासानं चक्कर आली काय?"

हासाजींनी चिडून दोन्ही मुठी हाणल्या.

"अगो गुणाबाय, धाव! मास्तर आत परलं!" काशीरामनं शेजारणीला हाळी दिली.

पाच मिनिटांत आळी बागेत. 'हे धडधाकट आहेत' असं आतून सांगायचं कुणी? बाईंनाही बोलायची मुभा नव्हती. त्या तोंडात पदर कोंबून बसल्या.

संध्याकाळी दार उघडलं. काशीराम मान चोळत पायरीवर.

"पाहिलास का पक्षी?"

"कुठला मास्तर! येक शेपटी नाचवनारी चिमनी मधी मधी करत व्हती, तिला पंचानं हाकलली. हिमालयाचा पाखरू रेड्याएवढा असंल, त्याला उतराला जागा नको?"

"तोच परीट! साक्षीदार कबूल झाला! मी जिंकलो!"

"भाऊ, नीट सांगा, काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"चिमनी, वैनी."

उपास सोडायच्या सरबताचा पेला हातात घेऊनच बाई पावलांनी तुकडा मोजू लागल्या.

हासाजींनी छाती काढली. "मान्य नाही! एक नाही, दहा मांडव घाला! पुढच्या वर्षीही तो इथंच उतरेल, आणि मी इथंच उभा असेन!"

बाई मोजतच होत्या. सहा, सात, आठ...

"हदासा," हासाजी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मांडव तेवढा वीतभर जास्त उंच घाल. नाहीतर त्याची शेपटी अडकेल."