शालिकभाऊंचा एक्केचाळीस नंबर

मायग्रेशनची कमांड द्यायची वेळ आली की शालिकभाऊ चपला काढतात. डेटाबेसच्या तक्त्यात एखादा रकाना वाढवायचा किंवा काढायचा, एवढंच ते काम. पण भाऊ हात धुऊन येणार, अनवाणी बसणार आणि एकेका बोटानं टाइप करणार. मेहकरच्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात तेवढा वेळ पंखासुद्धा बंद असतो.

"घाई काऊन करून राह्यला बे? चढाच्या आधी उतार पाह्य," हे त्यांचं पालुपद. म्हणजे बदल करण्याआधी तो मागे कसा घ्यायचा ते बघून ठेव.

आम्ही एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. भाऊंच्या या सोवळ्यापायी तिथले लोक दर वेळी तासभर खोळंबायचे. शेवटी मी वैतागलो आणि प्रोग्राममध्येच सोय केली. सॉफ्टवेअर सुरू झालं, की राहिलेली सगळी मायग्रेशन्स आपोआप चालतील. उद्या सकाळी ते दवाखान्यात बसवायचं होतं. मोठ्या ऐटीत भाऊंना दाखवलं.

"सगळे चालतीन?"

"हाव, सगळे."

भाऊंचा चेहरा उतरला. "मंग एक्केचाळीस नंबर बी?"

पाहतो तर एक्केचाळीस नंबरचं मायग्रेशन कित्येक वर्षं तसंच पडून. काम काय, तर पेशंटच्या तक्त्यातला 'शेरा' हा जुना रकाना पुसून टाकायचा. भाऊ दर वेळी बाकीची मायग्रेशन्स एकेक करून चालवत आणि हे तेवढं वगळत. असं आहे तरी काय त्यात, म्हणून मी रकाना उघडला.

'आजीले ऐकू कमी येते, मोठ्यानं बोलजा.' 'सुईले भेते, आधी गोष्ट सांगजा.' 'दुसरबीडहून येते, बस चुकू देऊ नका.' पानंच्या पानं.

"हे कोणी लिहिलं, भाऊ?"

"तुही वहिनी होती नं तिथं एंट्रीले. कोरोनात गेली." भाऊ स्क्रीनकडेच पाहत होते. "तिचं लिहेलं घरी काहीच नाही. जे हाय ते इथंच."

मला माझ्या ऐटीची लाज वाटली. एक्केचाळीस नंबरची फाइल मी काढून टाकली आणि शेरा पेशंटच्या नावाखालीच दिसेल असं केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सॉफ्टवेअर सुरू झालं. मायग्रेशन्स आपली आपण चालली. पहिलीच एक म्हातारी आली. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन वाचला आणि आवाज चढवला, "आजी, बसा इथं!"

भाऊ दारात उभे होते, चपला हातात घेऊन.

"अजून जोरानं, माय," ते म्हणाले. "'मोठ्यानं' असं लिहेलं हाय तिनं."