नाक, अंग आणि शेपूट

आमच्या समोरच्या दारातले आप्पा साधं पाणीसुद्धा आधी हुंगायचे. पेला हातात घ्यायचा, मनगटानं दोनदा गोल फिरवायचा, त्यात नाक घालायचं, डोळे मिटायचे आणि मग घोट. तोही लगेच पोटात जायचा नाही. या गालातून त्या गालात त्याची यात्रा व्हायची. एवढं झाल्यावर, "काल टाकी धुतली वाटतं," असा निकाल लागायचा, आणि टाकी खरंच धुतलेली असायची.

ते राहायला आले त्या दिवशी शेजारधर्म म्हणून मी चहा नेऊन दिला. आप्पांनी कप हुंगला, चहा तोंडात घोळवला, छताकडे बघत बसले. मला वाटलं, चहात काही पडलंय.

"ताई, नाक चांगलं शे," ते म्हणाले. "अंगानं जरा बारीक. शेपूट मात्र नाही."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "समोर एक म्हातारा आलाय. तो चहाला शेपूट शोधतो."

हळूहळू उलगडा झाला. आप्पा मूळचे खानदेशातले, पण एकोणीस वर्षं नाशिककडच्या एका वायनरीत कामाला होते. आधी द्राक्षांच्या पाट्या उचलल्या, मग टाक्या धुतल्या, आणि शेवटची आठ-दहा वर्षं पाहुण्यांना वाइन ओतून देऊन ती कशी चाखायची ते शिकवलं. पुण्या-मुंबईचे शिकलेसवरलेले लोक यांच्यापुढे ओळीनं उभे राहायचे आणि हे सांगतील तसा ग्लास फिरवायचे. वास म्हणजे नाक. तोंडात भरल्यासारखं वाटतं ते अंग. आणि घोट संपल्यावर मागे जी चव रेंगाळते ती शेपूट. हे सगळं आप्पांनी स्वतःच बसवलेलं. "लाल म्हणजे सालीसकट मुरवलेली," ते सांगायचे. "पांढरीची साल आधीच बाजूला काढतात. साल असली की तुरटपणा येतो, आणि तुरटपणा असला की शेपूट येतं."

असा माणूस उतारवयात पोराकडे राहायला आला तो सुरतेत. गुजरातेत! जिथं वाइनचं नुसतं नाव काढलं तरी माणसं आधी आजूबाजूला बघून घेतात. त्यात आमचं गोडादरा. निम्मी वस्ती लूमवर, आणि उरलेल्यांच्या घरात साड्यांचे गठ्ठे. मीही दिवसभर साड्यांना खडे चिकटवते. मी जालन्याकडची, मला त्यांची अहिराणी निम्मीच कळायची. पण "दारूवाले आप्पा" हे नाव आठवड्याच्या आत पडलं, ते सगळ्या भाषांत कळलं.

आप्पांना त्याचं काही नव्हतं. एकदा त्यांनी जाहीर केलं, "रविवारी संध्याकाळी गच्चीवर या. लाल आणि पांढरी, दोन्ही शिकवतो." झालं! एरवी सोसायटीच्या मीटिंगला कुणी फिरकत नाही, पण त्या रविवारी सगळे बाप्ये केस विंचरून हजर. आप्पांनी लाल म्हणून जांभळाचा रस ओतला आणि पांढरी म्हणून उसाचा. वर बजावलं, "गिळायचं नाही. बादलीत थुंकायचं. चाखणारा माणूस पीत नसतो." मोठ्या आशेनं आलेले ते बारा-पंधरा गडी तोंडं पाडून उसाचा रस बादलीत थुंकत होते. हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं.

तेवढ्यात कुणीतरी कळवलं असणार, एक हवालदार जिना चढून वर आला. "काका, आ शुं चाले छे?"

आप्पांनी त्याच्याच हातात ग्लास दिला. "साहेब, घाई नको. आधी नाक."

हवालदारानं हुंगलं, पुन्हा हुंगलं. "आ तो जांबु छे."

"बरोबर! आणि त्याच्या मागं?"

हवालदार बिचारा विचारात पडला. "संचळ?"

"काळं मीठच घातलंय," आप्पा खूष होऊन म्हणाले. "साहेब, एवढं चांगलं नाक, खात्यात वाया चाललंय."

तर असे आप्पा. इथवर सगळी मजाच होती. पण त्यांची एक सवय माझ्या डोक्यात जायची. रोज दुपारी, माझी फोडणी पडली की ते दारात उभे. "ताई, आज काय?" मी सांगायचे. मग, "एक चमचा मिळेल?" चमचाभर भाजी तोंडात घेऊन डोळे मिटून उभे राहायचे आणि चांगलं-वाईट काही न बोलता घाईघाईनं घरात निघून जायचे. मलाच नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनाही तेच. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडेही तेच, एकच भजं, तेही अर्धं. लोक हसायचे. मला वाटायचं, हा म्हातारा जिभेचा भारी लाडावलेला आहे. त्यांची बायको जिजी आतल्या खोलीत आजारी पडून असते, हे मला माहीत होतं. मिश्री लावून लावून तोंडात गाठ झाली होती. इथल्या दवाखान्यात रेडिएशनचे शेक दिले होते, त्यासाठीच तर दोघं गाव सोडून इथं आली होती. बायको अंथरुणावर आणि याला दारोदार चवी सुचतात, म्हणून मला जास्तच राग यायचा.

एक दिवस ऑर्डरीची घाई होती, बोटं खड्यांच्या डिंकानं चिकटलेली, आणि आप्पा चमचा घेऊन दारात. मी फाडकन बोलले, "आप्पा, घरी जेवायला घालत नाहीत का तुम्हाला? रोज रोज काय हे?"

आप्पांचा चेहरा पडला. हातातला चमचा त्यांनी हळूच ओट्यावर ठेवला. "चुकलं ताई," म्हणाले आणि गेले.

चार दिवस ते आले नाहीत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी त्यांची सून मनीषा आली. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"ताई, तुम्ही आप्पांना काही बोललात का? आई चार दिवस जेवत नाहीयेत. डॉक्टर म्हणतात, वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आई त्या नळीला फार भितात."

"मी आप्पांना बोलले, त्याचा जिजींच्या जेवणाशी काय संबंध?"

मग तिनं सांगितलं. शेक दिल्यापासून जिजींना चव लागत नव्हती, वासही येत नव्हता. काहीही खाल्लं तरी भुसा चावल्यासारखं. फोडणीच्या धुरानं ठसका लागायचा म्हणून त्या घरात महिनोन् महिने फोडणीच पडली नव्हती. सगळ्यांना तीच मऊ पांढरी खिचडी. आप्पा रोज दुपारी बाहेरून एक चव तोंडात धरून आणायचे आणि जिजींना खिचडी भरवताना ती सांगायचे. ती ऐकत ऐकत जिजींच्या पोटात चार घास जायचे.

माझ्या तोंडाला काय झालं होतं त्या दिवशी, हेच मनात येत राहिलं. त्या दुपारची मेथी वाटीत काढली आणि मनीषाच्या मागोमाग गेले.

जिजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोरीएवढ्या झालेल्या. मी वाटी पुढे केली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, चमचा भरून तोंडात घेतला, डोळे मिटले. मग खिचडीचा घास जिजींच्या ओठांशी नेऊन म्हणाले, "आज मेथी शे. नाकात पहिला लसूण येस. जराशी कडू, पण मागून दाण्याचा कूट, गोडसर. लसूण जरासा जळेल शे."

जिजी माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

"आप्पा, लसणाचं नसतं सांगितलं तर चाललं नसतं का?" मी नंतर बाहेर येऊन म्हटलं. हसायचं होतं, पण रडूच आलं.

"ताई, जे तोंडात आलं तेच सांगायचं," ते म्हणाले. "एक खोटं सांगितलं की ती पुढच्या घासावर विश्वास ठेवणार नाही."

म्हणून तर, कुणाच्याच दारात न गेलेल्या त्या चार दिवसांत, त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

पुढचे तीन-साडेतीन महिने मी जसा स्वयंपाक केला तसा लग्नातही केला नव्हता. नवरा म्हणायचा, "माझं नशीब फळफळलं." सांगता येईल असं काहीतरी रोज हवं होतं. शेवग्याची आमटी, कैरीचा तक्कू, आमच्याकडची भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची येसर. येसर आप्पांना माहीत नव्हती. तिचं वर्णन करायला त्यांना तीन चमचे लागले. नळी लांबणीवर पडली. पण आजार काही हटला नाही. मग घास चारावर आले, मग दोनावर.

जिजी गेल्या त्याच्या आधीच्या गुरुवारची गोष्ट. मी वरणाची वाटी घेऊन बसले होते. जिजींनी मानेनंच नको म्हटलं. मग आप्पांकडे बघून खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "तुमनी ती लाल... ती कशी लागे?"

आप्पांचा हात तसाच थांबला. मनीषानं मला आधी सांगितलं होतं, जिजी फार सोवळ्या. नवऱ्याचं काम त्यांना कधीच पटलं नाही. एकोणीस वर्षं आप्पांनी बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता, आणि त्या कामाबद्दल घरात एक अक्षर काढायचं नाही अशी जिजींची सक्त ताकीद होती.

मी हळूच म्हटलं, "आप्पा, माझा भाऊ परवा नवापूरवरून येतोय. तिकडून, महाराष्ट्रातून थोडीशी..."

"नको ताई. पोराच्या घरात भानगड नको. आणि तो वास तिला माझ्या तोंडाला कधीच नको होता."

त्या दिवशी आप्पांनी पहिल्यांदाच तोंडात काही न घेता चव सांगितली. आधी अडखळले. मग सांगत गेले. लाल कशी ओठाला लागताच जीभ आवळते, पिकल्या जांभळासारखी. मग मनुका येते, मग लवंग, आणि अगदी शेवटी नव्या लाकडाच्या कपाटाचं दार उघडल्यासारखा वास. थुंकून टाकली तरी जात नाही, किती वेळ तोंडात राहते. पांढरी म्हणजे हिरवा पेरू आणि कैरीची फोड. गार, हलकी, आली तशी निघून जाणारी. सांगता सांगता त्यांचा हात आपोआप गोल फिरत होता. इतकं सुरेख बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी चमचा ओठांशी नेत होते आणि जिजी एकेक घास घेत होत्या. सगळी वाटी संपली.

मग त्या म्हणाल्या, "इतलं चांगलं व्हतं ते? मंग माले कधी सांगं का नही?"

मी आप्पांकडे पाहिलं. जिजींच्याच ताकिदीची आठवण करून देणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि जिजींचे ओठ सावकाश पुसले.

"राही गयं," ते म्हणाले. "मनीच चूक शे. राही गयं."